अणुवीज केंद्रांची मुदतवाढ

अणुवीज केंद्राचे नियोजित आयुष्य संपत आले की ते कायमचे बंद करायचे की दुरुस्त करून पुढे चालवायचे, याबाबतचा वाद. जगातल्या बऱ्याच अणुभट्ट्या १९७० आणि १९८० च्या दशकांत उभ्या राहिल्या, त्यामुळे आता तो अनेक देशांत एकाच वेळी उभा आहे.

'चाळिशी' हा शब्द या वादात सारखा येतो. अमेरिकेत पहिला परवाना ४० वर्षांचा असतो. पण तो आकडा आर्थिक हिशेबातून आला, लोखंडाच्या परीक्षेतून नव्हे. पुढे २०-२० वर्षांची मुदतवाढ मिळून तिथल्या काही भट्ट्यांना ८० वर्षांपर्यंत मुभा मिळाली आहे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ ठरावीक काळाने परवान्याचे नूतनीकरण करते आणि दहा वर्षांनी सर्वंकष सुरक्षा-आढावा घेते.

खरा प्रश्न वयाचा नसून कोणता भाग म्हातारा झाला, याचा आहे. सोलापूरच्या यंत्रमागवाल्याला हे वेगळे सांगायला नको: धोटा, पट्टा, मोटार बदलता येते, सांगाडाच तडकला तर माग भंगारात. भट्टीचेही तसेच. पंप, नळ्या, बाष्पजनित्रे (पाण्याची वाफ करणारी यंत्रे) नवी बसवता येतात. मात्र ज्या जाड पोलादी दाबपात्रात इंधन असते ते बदलणे व्यवहारात शक्य नसते आणि न्यूट्रॉनच्या सततच्या माऱ्याने ते हळूहळू ठिसूळ होते. म्हणून त्याच पोलादाचे नमुने सुरुवातीपासूनच पात्रात ठेवतात आणि ठरावीक वर्षांनी एकेक बाहेर काढून ठोकून पाहतात. भारतीय जड पाण्याच्या भट्ट्यांत मोठे दाबपात्र नसते, शेकडो दाबनळ्या असतात. त्या सगळ्या काढून नव्या बसवता येतात, हा त्या रचनेचा मोठा फायदा. पण त्यासाठी भट्टी दीर्घकाळ थांबवावी लागते.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे तारापूर. तिथली पहिली दोन एकके १९६९ मध्ये सुरू झाली. जनरल इलेक्ट्रिक बनावटीच्या या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती. दुय्यम बाष्पजनित्रांतील गळतीमुळे ती पुढे १६० वर आणावी लागली. २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राचा अपघात झाला. तिथली पहिली भट्टीही त्याच कंपनीची आणि त्याच कुळातली. नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी त्यानंतर तारापूरची ही जुनी एकके बंद करावीत अशी भूमिका घेतली. २०२० मध्ये ती थांबली खरी, पण निवृत्तीसाठी नव्हे. पुनराभिसरणाच्या, म्हणजे भट्टीतले पाणी पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या, नळ्या बदलण्यासाठी.

बाहेरही एकवाक्यता नाही. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. कॅलिफोर्नियाने डियाब्लो कॅन्यन हे केंद्र बंद करायचे ठरवले आणि २०२२ मध्ये कायदा करून २०३० पर्यंत मुदत वाढवली. न्यूयॉर्कजवळचे इंडियन पॉइंट २०२१ मध्ये बंद झाले, तेव्हा त्याची जागा मुख्यतः नैसर्गिक वायूने भरून काढली. बंद करणाऱ्यांच्या युक्तिवादातली कच्ची बाजू नेमकी ही आहे. मुदतवाढवाल्यांची कच्ची बाजू म्हणजे वापरलेले इंधन: केंद्र जितकी वर्षे जास्त चालेल, तितका हा साठा वाढतो.

सोलापूर जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही. फताटेवाडी-आहेरवाडीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र कोळशावर आणि उजनीच्या पाण्यावर चालते. तरीही हा वाद इथल्या तारांपासून दूर नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकतालात जोडले गेले. त्या सामाईक जाळ्यात तारापूरची वीज कोणती आणि कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्राची कोणती, हे मागाला कळत नाही. कुठले जुने केंद्र थांबले की उणीव दुसऱ्याने भरायची, आणि इथे तो दुसरा बहुधा कोळसाच.

बंद करणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. १५ जून २०२३ रोजी सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीज चिमणी पाडली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या वादानंतर काही सेकंदांत धूळच उरली. अणुभट्टीला ही सोय नाही. आधी इंधन काढायचे, मग किरणोत्सार ओसरायची वाट पाहायची, मग तुकड्या-तुकड्याने सुटे करायचे. यात दशके जातात. त्यासाठी भारतात अणुविजेच्या दरातून युनिटमागे २ पैसे बाजूला काढतात. राजस्थानातील रावतभाट्याचे पहिले एकक २००४ पासून वीज देत नाही.