व्हायरस सापडला नाही, तरी विंडोज नव्याने टाका

“मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय,” असा फोन काकांना येतो. समोरचा सांगेल ते सॉफ्टवेअर ते टाकतात आणि तासभर कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात राहतो. मग घरातला कुणी जाणकार येऊन अँटिव्हायरस चालवतो, काहीच सापडत नाही आणि सगळे निर्धास्त होतात. गोची इथेच आहे, कारण भामट्याने व्हायरस वापरलेलाच नसतो.

त्याने काकांना घाबरवलं ते विंडोजच्याच सामानाने. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजची नोंदवही. एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही, प्रिंटरने प्रतिसाद दिला नाही, की तिथे लाल-पिवळी खूण पडते. ठणठणीत कॉम्प्युटरवरही अशा नोंदींचा ढीग असतो. त्याहून बिलंदर युक्ती ‘असोक’ या कमांडची. कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ती टाइप केली की एक यादी धावते आणि तळाशी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतो. “हा तुमचा लायसन्स नंबर, आमच्याकडे नोंद आहे,” म्हणत भामटा तो फोनवर वाचून दाखवतो. जुळतो, कारण ‘सेंड टू’ मेनूतल्या झिप फोल्डरचा हा ओळख क्रमांक सगळ्या विंडोजवर एकच असतो!

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही दुरून कॉम्प्युटर चालवण्याची सॉफ्टवेअरंही वैध आहेत. कंपन्यांचे आयटीवाले ती रोज वापरतात, म्हणून अँटिव्हायरस सहसा गप्प बसतो. त्यांत कायमचा पासवर्ड ठेवण्याची सोय असते. तो ठेवला की कॉम्प्युटर सुरू होताच समोरच्याला आत येता येतं, काकांनी ‘हो’ म्हणायची गरज उरत नाही. दिसणारं सॉफ्टवेअर काढलं तरी दुसरं कुठे दडवलंय का, नवं युजर खातं उघडलंय का, ब्राउझरमध्ये एखादं एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) घुसवलंय का, हे एकेक तपासून खात्री होत नाही. म्हणून विंडोज पुसून नव्याने टाकणं, हाच माझ्या मते खरा उपाय.

पण ते शेवटी. आधी वायफाय बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काकांनी स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्यांच्याच माथी बसतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. त्यामुळे रागावण्यात वेळ घालवू नका.

पासवर्ड बदलायचे ते वेगळ्या यंत्रावरून, आणि पहिला ईमेलचा, कारण बाकीचे पासवर्ड त्यातूनच रिसेट होतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये पत्रं परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना, तेही बघा. काकांचा मोबाइल विसरू नका. तसलंच ॲप तिथेही टाकायला लावलेलं असू शकतं.

मग फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घ्या. प्रोग्रॅमच्या फायली घेऊ नका. ‘रिसेट धिस पीसी’मध्ये सगळं काढून टाकण्याचा पर्याय निवडा. नव्या विंडोजवर काकांना साधं, म्हणजे ‘स्टँडर्ड’ खातं द्या आणि ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. त्यामुळे बरीचशी सॉफ्टवेअरं टाकताना तो पासवर्ड लागेल आणि काकांना तुम्हाला फोन करावा लागेल. थोडी कटकट आहे, पण असू दे.

काही दिवसांनी ‘रिफंड’चा फोन येऊ शकतो: “रिफंड देताना तुमच्या खात्यात चुकून जास्त पैसे आले, जादाचे परत करा.” यासाठी भामटा पुन्हा कॉम्प्युटरचा ताबा घेऊन बँकेच्या पानावरचा आकडा ब्राउझरच्या ‘इन्स्पेक्ट’मधून बदलतो. खात्यात काहीच जमा झालेलं नसतं, फक्त काकांच्या स्क्रीनवरचा मजकूर बदललेला असतो. पान रिफ्रेश केलं की खरी शिल्लक दिसते. नेमकं तेच तो करू देत नाही, म्हणून शिल्लक एटीएमवर जाऊन बघा.