बॅटरी काढून एअरबॅगचा दिवा जात नाही

‘डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलाय? बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, जाईल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चुकीचा आहे. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट बिघाडाचा कोड अशा मेमरीत ठेवतं, जी वीज गेली तरी पुसली जात नाही. दिवा चालू असेपर्यंत अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. म्हणून दिवा घालवायची घाई करू नका, आधी स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाडाचा कोड दाखवणारं यंत्र) कोड वाचून घ्या.

बिघाड बहुधा साधाच निघतो. पुढच्या सीटखाली हात घाला, एअरबॅगच्या वायरींचा पिवळा कनेक्टर लागेल. सीट पुढे-मागे करताना, सफाई करताना त्याच्या वायरी ओढल्या जातात. एअरबॅगच्या सर्किटचा रोध (विजेला होणारा अडथळा) साधारण 2 ते 3 ओहम इतका कमी असतो, त्यामुळे पिनवरच्या थोड्याशा गंजाने तो वाढला तरी युनिटला बिघाड वाटतो. दिव्यासोबत हॉर्न आणि स्टीअरिंगवरची बटणंही बंद पडली असतील, तर स्टीअरिंगमागच्या क्लॉक स्प्रिंगची, म्हणजे फिरत्या स्टीअरिंगपर्यंत वीज पोचवणाऱ्या भागाची, गुंडाळलेली पट्टी तुटल्याचा संशय घ्या.

आणि कळकळीने सांगतो, एअरबॅगला थेट मल्टीमीटर लावू नका. मीटर स्वतः करंट सोडतो, त्याने एअरबॅग फुटू शकते. जाणकार मेकॅनिक एअरबॅगच्या जागी 2 ओहमच्या आसपासचा रेझिस्टर जोडून बघतो: कोड बदलला तर दोष एअरबॅगमध्ये, तसाच राहिला तर वायरिंगमध्ये किंवा युनिटमध्ये. बॅटरी काढायची ती या कामाआधी, सुरक्षेसाठी. त्यानंतरही काही मिनिटं थांबावं लागतं, कारण युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो.