बॉल पायथनच्या पेटीतली ऊब आणि ओल

आमच्याकडून पेटी नेणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक देतो. साप आत सोडण्याआधी पेटी दोन-तीन दिवस नुसती चालू ठेवा आणि तेवढ्यात हे सावकाश वाचून काढा.

दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे, "कात तुकड्यातुकड्यांनी निघतेय, आणि आम्ही तर रोज दोनदा पाणी फवारतो." अशा वेळी आम्ही आधी विचारतो, की ऊब किती ठेवली आहे? बहुतेकदा गाठ तिथेच सुटते. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. खोलीत २२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत ३१ अंशांवर गेल्यावर आर्द्रतेचा मीटर जेमतेम ३५ टक्के दाखवतो. हवेतलं पाणी तेवढंच असतं, पण सापाच्या कातडीला ती हवा कोरडी लागते. म्हणून ऊब आणि ओल वेगवेगळी लावायला जाऊ नका. आधी ऊब पक्की करा, ती दिवसभर स्थिर राहतेय ना ते बघा, मग ओलीकडे वळा.

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिनकडच्या गवताळ माळांवरचा. माळ म्हटल्यावर लोकांना कोरडं ऊन आठवतं आणि पेटीही तशीच ठेवली जाते. पण तो दिवस काढतो उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात. बिळातली हवा वरच्या माळापेक्षा दमट असते, अंधार असतो, अंगाला चहूबाजूंनी माती टेकलेली असते. आपल्याला माळ नाही, ते बीळ उभं करायचं आहे.

ऊब

पेटीची एक बाजू गरम आणि दुसरी थंड हवी. गरम बाजूला सापाच्या अंगाखालची जागा ३१ ते ३२ अंश, थंड बाजू २५ ते २६ अंश. रात्रीसुद्धा २४ च्या खाली जाऊ देऊ नका. सापाचं अंग स्वतःची ऊब तयार करत नाही. खाल्लेलं पचवायला तो गरम बाजूला येतो, पचलं की सरकतो. सगळी पेटी एकसारखी तापवलीत, तर त्याला सरकायला जागाच उरत नाही. लपायची खोपटीही दोन हवीत, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच ठेवली तर बिचारा लपण्यासाठी उकाडा किंवा गारठा सोसत बसतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाप्रमाणे हीटर चालू-बंद करणारं यंत्र, नसेल तर हीटर लावूच नका. हे आम्ही पेटी विकतानाही सांगतो आणि थर्मोस्टॅट नको म्हणणाऱ्याला हीटर देत नाही. थर्मोस्टॅटशिवायच्या मॅटवरची (टाकीखाली लावायच्या विजेवर तापणाऱ्या चटईवरची) काच हात टेकवेना इतकी तापू शकते, आणि चटका बसला तरी साप चटकन बाजूला होईलच असं नाही. पोटाखालचे खवले भाजून निघाल्यावरच मालकाच्या लक्षात येतं. आत ठेवायचे गरम दगड मिळतात, तेही याच कारणासाठी घेऊ नका.

आमच्या लाकडी पेट्यांत वरून सिरॅमिक हीटर येतो, त्याभोवती जाळी असते. ती जाळी काढू नका. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरीचं टोक) गरम बाजूला, साप जिथे वेटोळं घालतो त्या उंचीवर ठेवा आणि केबल टायने बांधा. काचेची टाकी असेल तर मॅट बाहेरून, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली लावा आणि प्रोब मॅट व काचेच्या मध्ये बसवा. मॅटच्या जागेवर आतला भुसा पातळच ठेवा, आणि भुशाखालच्या काचेवरचं तापमान मोजून त्याप्रमाणे थर्मोस्टॅट लावा, कारण साप भुसा उकरून थेट काचेवर जाऊन बसतो. पेटीच्या आत चिकटपट्टी कुठेही नको. ती सुटते, सापाला चिकटते, आणि सोडवताना खवल्यांसकट कातडी निघते.

ओल

आर्द्रता एरवी ५५ ते ६५ टक्के, कात टाकायच्या दिवसांत ७० पर्यंत. काट्याचे गोल मीटर बऱ्याचदा चुकतात, डिजिटल घ्या. तोही एकदा तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओलसर चिखल करा. मीठ विरघळून जाईल इतकं पाणी नको. झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवून पिशवी घट्ट बंद करा. दुसऱ्या दिवशी आकडा ७५ यायला हवा. ६९ आला तर तुमचा मीटर ६ ने कमी दाखवतो. पुढे वाचताना तेवढे मिळवायचे.

फवाऱ्याने मीटर भरभर चढतो आणि तासा-दोन तासांत उतरतो. वरचा भुसा मात्र भिजून राहतो. ओल खालून यायला हवी. नारळाच्या काथ्याचा भुसा, मॅट असेल तर तिची जागा सोडून, ७ ते १० सेंटिमीटर जाड पसरा आणि कोपऱ्यांतून थोडं थोडं पाणी ओता. ते तळाशी उतरतं, वरचा थर कोरडा राहतो आणि खालची ओल दिवसभर हळूहळू वर येत राहते. खालचा भुसा मुठीत घेऊन दाबून बघा. गोळा व्हायला हवा, पण बोटांमधून पाणी ठिबकता कामा नये. ठिबकलं तर जास्त झालं. सतत ओल्या भुशावर बसलेल्या सापाच्या पोटाचे खवले लालसर, मग तपकिरी होऊन सडू लागतात. टाकीला वरून नुसती जाळी असेल तर तिचा बराचसा भाग ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाका, म्हणजे ओल उडून जाणार नाही. पण सगळी जाळी बंद करू नका. कोंदट हवेत बुरशी धरते.

डोळे निळसर दुधाळ झाले की कात जवळ आली समजा. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात आणि त्यानंतर कात निघते. या काळात प्लास्टिकच्या डब्याला सापापुरतं भोक पाडून आत ओलसर मॉस (शेवाळ) भरून ठेवा. सापाला हाताळू नका, खायला देण्याची घाई करू नका. ऊब आणि ओल जमली असेल तर कात मोज्यासारखी उलटी होत एकसंध निघते. ती उजेडात धरून डोळ्यांवरच्या दोन गोल चकत्या आणि शेपटीचं टोक आलंय ना ते बघा. चकती डोळ्यावरच राहिली असेल तर नखाने किंवा चिमट्याने काढायला जाऊ नका, पशुवैद्याकडे न्या.

आपले ऋतू

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो. हीटर सतत चालतो आणि हवा कोरडी पडते. पेटी खिडकीपासून, बाहेरच्या भिंतीपासून लांब घ्या आणि भुशाचं पाणी वाढवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात नेमकं उलट होतं. खोलीतच ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असते. तिथे पाणी ओतणं थांबवा, पाण्याचं भांडं थंड बाजूला घ्या, भुसा लवकर बदला. हीटर मात्र बंद करू नका. गारठा आणि दमटपणा एकत्र आले की सापाची छाती भरते. नागपुराकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास पारा जातो तेव्हा हीटर आपोआप बंदच राहील, पण खोली थंड ठेवायला लागेल. पेटीत ३५ च्या वर गेलं तर सापाच्या जिवावर बेतू शकतं. आणि कोणत्याही ऋतूत काचेची टाकी उन्हात ठेवू नका, अगदी दहा मिनिटांसाठीसुद्धा.

वीज दोन-तीन तास गेली तर घाबरू नका. पेटीवर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. थंडीत जास्त वेळ गेली तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा. त्या दिवशी खायला देऊ नका. ऊब नसेल तर पोटातलं पचत नाही आणि साप ते ओकून टाकतो.

श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर धरलेली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जा. नुसती ऊब वाढवून वाट बघू नका.

नोंदणी

बॉल पायथन साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नोंद झालेली नसेल तर आधी ती करा. नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते घरात ठेवता येत नाहीत आणि त्यांच्यासाठी आम्ही पेटी देत नाही. असा साप घरात आला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

आकडे जुळत नसतील तर दुकानात या. येताना साप आणू नका, त्याला प्रवासाचा ताण होतो. मीटर, थर्मोस्टॅट आणि पेटीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणा. मिठाची परीक्षा आम्ही करून देतो. त्यासाठी मीटर एक रात्र आमच्याकडे ठेवावा लागेल.