एका सेमिस्टरसाठी हायडेलबर्गला: कोण पात्र, कोणते कागद, आणि कोणता कागद कोणाच्या आधी

आमच्या केंद्रावर दिवसभर सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीक विमा हेच चालतं. गेल्या काही वर्षांत त्यात पासपोर्टची भर पडली. मग एक दिवस गावातली, नागपुरात एमएस्सी फिजिक्स करणारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिच्या विभागाचा जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाशी करार होता आणि तिला तिथे एक सेमिस्टर करायचं होतं. कागदांची यादी वाचून होईपर्यंत वडील गप्प होते. मग दुपट्ट्याने तोंड पुसत म्हणाले, "पोरगी जाते जर्मनीले, अन् सात-बारा कायले मांगते बाप्पा?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर पुढे पैशाच्या भागात येईल. आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घ्या, कारण अर्ध्या पालकांना वाटतं पोरगी डिग्रीच तिकडे घेणार.

सेमिस्टर एक्स्चेंजमध्ये तुमचा प्रवेश इथेच राहतो, फी इथेच भरता, डिग्रीही इथलीच मिळते. चार-सहा महिने तिकडे जाऊन तिथले विषय घ्यायचे, परीक्षा द्यायची आणि मिळालेली क्रेडिट्स (विषय पास झाल्यावर जमा होणारं अभ्यासाचं माप) परत आणून इथल्या मार्कशीटला जोडायची. दोन विद्यापीठांत करार असेल तर तिथली ट्यूशन फी माफ असते. करार नसेल तर स्वतंत्र अर्ज करून जाता येतं, पण मग खिशाला चाट बसते: हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १५०० युरो फी लागते. म्हणून पहिला प्रश्न "मी पात्र आहे का" हा नाही. "माझ्या विद्यापीठाचा, माझ्या विभागाचा करार आहे का" हा आहे. तो विभागप्रमुखांना किंवा आंतरराष्ट्रीय कक्षाला विचारा, आणि कराराची मुदत संपलेली नाही ना तेही बघा. भिंतीवर करार करतानाचा फोटो असतो, करार मात्र कधीच संपलेला असतो.

याच कारणाने एजंटला पैसे देऊ नका. एक्स्चेंजसाठी तुमचं नाव तुमचं विद्यापीठच तिकडे पाठवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. ते विकत मिळत नाही. "सीट बुक करून देतो" म्हणणारा माणूस तुम्हाला फार तर अर्ज भरून देईल, आणि ते काम मीही झेरॉक्सच्या भावात करतो.

युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतून भारतातल्या विद्यार्थ्यांनाही पैसे मिळतात. त्याचीही वाट हीच: दोन विद्यापीठांचा करार, मग विद्यापीठात निवड. अभ्यासासाठी मुक्काम किमान २ महिने, जास्तीत जास्त १२. वयाची अट नाही. दरमहा मदत देशाप्रमाणे ८०० ते ९०० युरो, शिवाय अंतरानुसार प्रवासखर्च. बाकी अटी यजमान विद्यापीठ आणि तुमचा विभाग ठरवतात. साधारणपणे पहिलं वर्ष पूर्ण झालेलं, बॅकलॉग नसलेला, आणि भाषेचा दाखला असलेला विद्यार्थी घेतात. भाषेत एक मेख आहे. हायडेलबर्गमध्ये बॅचलरचे बहुतेक विषय जर्मनमधून शिकवतात. फिजिक्सच्या मास्टर्ससारखे काही अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. तेव्हा बीए, बीकॉमच्या मुलांनी यादी उघडून आपल्याला समजतील असे विषय आहेत का ते आधी मोजावं, मग स्वप्न बघावं.

आता मुख्य कागद. लर्निंग ॲग्रीमेंट. यावर तीन सह्या लागतात: तुमची, इथल्या विद्यापीठाची, तिथल्या विद्यापीठाची. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्याबदल्यात इथले कोणते माफ होणार, हे त्यात विषयवार लिहिलेलं असतं. युरोपात वर्षाची ६० क्रेडिट्स धरतात, म्हणजे सेमिस्टरची ३०, आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम. आपल्याकडची क्रेडिट्स आकड्याने कमी असतात, म्हणून आकड्याला आकडा जुळवत बसू नका, विषयाला विषय लावा. आपल्या बाजूची सही मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. विभाग म्हणतो परीक्षा विभागाला विचारा, परीक्षा विभाग म्हणतो अभ्यास मंडळाचा ठराव आणा. या मुलीने तीन महिने फेऱ्या मारल्या. मग तिने एक शहाणपण केलं: दोन्हीकडचा अभ्यासक्रम एका पानावर शेजारी शेजारी टाईप करून घेतला, डावीकडे आपला विषय, उजवीकडे त्यांचा. माझ्याच प्रिंटरवर निघाला तो कागद. पुढच्या आठवड्यात सही झाली, कारण सरांना वाचायला एकच पान होतं.

वेळापत्रकाचाही घोळ आहे. तिकडचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, शिकवणी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, शिकवणी एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेर. आपली हिवाळी परीक्षा दिवाळीनंतर रेंगाळते, म्हणजे हिवाळी सत्राला गेलात तर इथलं अर्धं सेमिस्टर झालेलं असतं आणि परीक्षा बुडते. उन्हाळी सत्राला गेलात तर मे-जूनची परीक्षा बुडते. बुडालेली परीक्षा "गैरहजर" न धरता माफ किंवा पुढे ढकललेली धरावी, हेही लेखी घ्या. तोंडी "बघू, होऊन जाईल" चालत नाही.

पासपोर्ट या सगळ्याच्या आधी. आपल्या विदर्भाचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपुरात आहे, आणि काही जिल्ह्यांच्या पोस्टातही आता सेवा केंद्र आहे. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळ असेल तर वर २०००. दहावी पास असल्याचं प्रमाणपत्र लावा. जन्म १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतरचा असेल तर जन्मतारखेसाठी फक्त जन्म दाखला चालतो. तुमचा त्याआधीचा, म्हणून शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो.

खरी कटकट नावाची. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं आधी. वडिलांचं नाव मार्कशीटवर पुरुषोत्तम, आधारवर पुरशोत्तम, बँकेत पुरुषोत्तमराव. आई एका कागदावर शांता, दुसऱ्यावर शांताबाई. गावात हे सगळं एकच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र ती तीन-चार वेगळी माणसं होतात. 'राव' आणि 'बाई'ने आमच्याकडे जेवढे अर्ज अडवले तेवढे पोलिस पडताळणीनेही अडवले नसतील. आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन, मग पासपोर्टचा अर्ज. मार्कशीटच चुकीची असेल तर बोर्डाकडे जावं लागतं, आणि नाव बदलायचंच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात. दोन्हीला वेळ लागतो.

इथे माझी चूकही सांगतो. सुरुवातीच्या काळात एका मुलाच्या अर्जात मी आडनावाच्या रकान्यात त्याचं नाव आणि नावाच्या रकान्यात आडनाव टाकलं, मार्कशीटचा क्रम बघून. पासपोर्ट तसाच छापून आला. पुन्हा फी, पुन्हा फेरी. तेव्हापासून अर्ज सबमिट करण्याआधी मी पोरांना स्क्रीनसमोर बसवून मोठ्याने वाचायला लावतो. पासपोर्टवर जे नाव छापलं तेच तिथल्या विद्यापीठाच्या प्रवेशपत्रावर, विम्यावर, तिकिटावर, अक्षरन् अक्षर.

आता पैसे. सेमिस्टर ९० दिवसांपेक्षा मोठं, म्हणून पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालत नाही. जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याची फी ७५ युरो. तिथे राहण्याचा खर्च झेपेल हे दाखवायला वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, असा हिशोब २०२४ च्या सप्टेंबरपासून आहे. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाखांच्या घरात. ही रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकतात, त्यातून दरमहा ठरावीकच निघते. शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर तेवढी रक्कम त्यातून कमी होते. म्हणून पत्रावर महिन्याची रक्कम आणि महिने स्पष्ट लिहून घ्या.

आणि सात-बारा? जर्मनीच्या वकिलातीला सात-बारा नको. तो लागतो उत्पन्नाच्या दाखल्याला आणि बँकेला. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त, म्हणून बहुतेक घरांत रिटर्न भरलेलंच नसतं. मग तलाठ्याचा, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांचा, अहवाल आणि त्यावर तहसीलचा दाखला हाच पुरावा. सोबत ८-अ, कापूस-सोयाबीन विकल्याच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक ठेवा. शैक्षणिक कर्जाला साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांवर लागतं. शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत, गावठाणातलं घर किंवा मुदत ठेव विचारतात. वडिलांना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "म्हंजे वावर हाय तरी नाई." मी काय बोलणार.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप याबद्दल दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. केंद्राच्या योजनेत भूमिहीन शेतमजुरांची मुलंही बसतात, हे आपल्या भागात फार थोड्यांना माहीत आहे. पण दोन्ही पूर्ण मास्टर्स किंवा पीएचडीसाठी आहेत. एका सेमिस्टरला त्यातून पैसे मिळत नाहीत, तिथे अर्ज भरून वेळ घालवू नका.

व्हिसाची फाईल अशी लागते: पासपोर्ट, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, प्रवेशपत्र, लर्निंग ॲग्रीमेंट, आपल्या विद्यापीठाचं ना-हरकत पत्र, मार्कशीट, भाषेचा दाखला, पैशाचा पुरावा, विमा. पदवीसाठी जाणाऱ्या भारतीयांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस नावाचं, आपले शैक्षणिक कागद तपासून दिलेलं प्रमाणपत्रही लागतं. तुमच्या एक्स्चेंजला ते लागू आहे का, हे यजमान विद्यापीठाकडून ईमेलवर लिहून घ्या आणि तो ईमेल फाईलला लावा. बोटांचे ठसे स्वतः जाऊनच द्यायचे असतात. आमच्याकडून गेलेले मुंबईला गेले, विदर्भ एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन अपॉइंटमेंट मिळाल्याच दिवशी करून. निकालाला दोन-तीन महिने धरा. विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी.

पोचल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी आधी खोली हवी. हायडेलबर्ग नेकर नदीकाठचं शहर. विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं, आणि पोरं जगभरातून येतात. जुन्या काळी दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना कोंडायची विद्यापीठाची स्वतःची कोठडी होती, ती आजही दाखवतात. खोल्यांची टंचाई मोठी, म्हणून प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज टाका. आरोग्य विम्याला दरमहा १४० युरोंच्या वर जातात. घरात टीव्ही असो-नसो, रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे. त्याचं पत्र आलं की घाबरू नका, घरात राहणाऱ्या सगळ्यांत वाटून घ्या.

मराठी माणसाला तिथे अगदीच परकं वाटू नये. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर होते. खंडोबा, धनगर आणि इथल्या लोकदैवतांवर आयुष्यभर काम केलेला हा जर्मन माणूस १९९२ साली गेला.

परत येताना तिथून ट्रान्स्क्रिप्ट ऑफ रेकॉर्ड्स, म्हणजे तिथली मार्कशीट, घ्यायचं किंवा ते थेट विद्यापीठाला पाठवायला सांगायचं. ते लर्निंग ॲग्रीमेंटच्या प्रतीसोबत परीक्षा विभागात द्या, क्रेडिट्स अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिट्सचं सरकारी ऑनलाईन खातं) चढली का ते मोबाईलवर बघा. आणि जमा केलेल्या अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. त्या मुलीची मार्कशीट दोन विषयांत "गैरहजर" म्हणून आली होती. पोच होती म्हणून दुरुस्त झाली.