परदेशी गेला म्हणून कमावलं, की कमावणाराच होता म्हणून गेला?

परदेशी जाऊन माणसाचं किती भलं होतं हे काढायला वरकरणी एक वजाबाकी पुरेशी वाटते. गेलेल्यांची सरासरी कमाई घ्यायची, मागे राहिलेल्यांची त्यातून वजा करायची, झालं. पण गेलेले आणि राहिलेले मुळात सारखे नसतात. जाणारा बऱ्याचदा आधीच जास्त शिकलेला, धडपड्या किंवा तिकडे कुणी नातेवाईक असलेला असतो. तो इथे राहिला असता तरी शेजाऱ्यापेक्षा चार पैसे जास्तच मिळवले असते त्याने. याच्या उलटही घडतं. ज्याचं गावात काहीच जमत नाही, तोच एक दिवस जहाजात बसतो. मग त्या फरकात स्थलांतराचा वाटा किती आणि माणसाच्या मूळ पिंडाचा किती, ते कसं कळणार? खरं उत्तर हवं तर त्याच माणसाला एकदा पाठवून आणि एकदा न पाठवून बघायला हवं. ते शक्य नाही, म्हणून संशोधकांनी त्यातल्या त्यात जवळची जोडी शोधली: सख्खे भाऊ.

१८५० ते १९१३ या काळात सुमारे तीन कोटी युरोपीय लोक अमेरिकेत गेले. लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर आयर्लंडच्या खालोखाल नॉर्वेतून माणसं गेली. रान अब्रामित्स्की, लिआ बूस्टन आणि कॅथरीन एरिक्सन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी नेमका नॉर्वे निवडला, कारण तिथे १८६५च्या जनगणनेत घराघरातल्या मुलांची नावं आणि वयं लिहून ठेवलेली होती. ही मुलं १९०० साली चाळिशीच्या आसपास असणार. त्या वर्षी नॉर्वे आणि अमेरिका दोन्हीकडे जनगणना झाली होती. मग काम उरलं ते मुलगा शोधायचं.

हे काम किती किचकट असेल याची कल्पना करा. हान्सचा मुलगा ओले म्हणजे ओले हान्सेन, आणि असे ओले हान्सेन गावोगावी ढिगाने. अमेरिकेत गेल्यावर त्याच्या नावाचं स्पेलिंग बदलणार. म्हणून नाव आणि वय यांची जोडी जिथे एकमेव ठरत होती, तीच माणसं पक्की धरली आणि बाकीची सोडून दिली. अशा रीतीने एकाच छपराखाली वाढलेले दोन भाऊ सापडले, एक मिनेसोटाकडे गेलेला आणि एक घरी राहिलेला. आईबाप तेच, घरची परिस्थिती तीच. त्यांच्या कमाईतला फरक हा सुरुवातीच्या सरसकट वजाबाकीपेक्षा नक्कीच विश्वासार्ह. अर्थात त्या जनगणनेत कुणाचा पगार नोंदलेला नाही, फक्त धंदा. त्यामुळे सुताराला सुताराची सरासरी कमाई, मजुराला मजुराची, असं करावं लागलं. एखादा सुतार दुसऱ्यापेक्षा सवाई असेल तर ते या हिशेबात दिसत नाही.

२०१२ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अमेरिकेला गेल्याने कमाई सुमारे ७० टक्क्यांनी वाढली. लेखकांनी याला तुलनेने कमीच म्हटलं आहे, आणि मलाही ते पटतं. महासागर ओलांडून जायचं आणि दुप्पटही होऊ नये! दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नॉर्वेच्या शहरांतून गेलेले लोक मागे राहिलेल्यांपेक्षा आधीपासूनच कमी मिळवणाऱ्या गटातले होते. म्हणजे हुशार तेवढे गेले, ही समजूत निदान तिथे तरी खरी नव्हती.

कोण का गेला, याचा मागही त्यांनी घेतला. नॉर्वेत शेत बहुधा थोरल्याकडे जायचं. ज्यांच्या घरी जमीन किंवा मालमत्ता होती त्यांची मुलं कमी प्रमाणात गेली, आणि वारसा मिळण्याची आशा असलेला थोरला तर आणखी कमी. वाटणीत हाती काही येणार नाही हे ज्याला दिसत होतं, तो निघाला. अमेरिकेत आधी गेलेला भाऊबंद पुष्कळदा तिकीट पाठवून देई, त्यामुळे खिशात पैसे नसणं हा दरवेळी अडसर नव्हता.

पण एक भाऊ गेला आणि एक राहिला, यालाही काही कारण असतंच. त्यापुढची युक्ती म्हणजे चिठ्ठी. २००७ आणि २००८ साली अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना तिथे काम करू देणाऱ्या परवान्यासाठी, इतके अर्ज आले की लॉटरी काढावी लागली. मायकल क्लेमेन्स यांनी भारतातल्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीतले, सारख्या पात्रतेचे कर्मचारी घेतले: काहींचा नंबर लागला, काहींचा नाही. निवड नशिबाने झालेली, तरीही पगारात कित्येक पटींचा फरक. तेच कौशल्य, तीच कंपनी, बदललं ते फक्त ठिकाण. हिंजवडीत ही गोष्ट सांगितली तर कुणाला नवल वाटणार नाही.

या पद्धतीचा सगळ्यात सखोल वापर मात्र पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या छोट्या बेटराष्ट्रावर झाला. न्यूझीलंड दरवर्षी २५० टोंगन लोकांना लॉटरीने कायमचं राहायला घेत असे. अट वय १८ ते ४५, आणि नंबर लागल्यावर तिकडे नोकरी मिळवून दाखवायची. डेव्हिड मॅकेन्झी, जॉन गिब्सन आणि स्टीव्हन स्टिलमन यांनी नंबर लागलेल्यांची न लागलेल्यांशी तुलना केली. दोघांनीही अर्ज भरलेला, म्हणजे जायची इच्छा दोघांनाही तितकीच. नंबर लागूनही काही जण गेले नाहीत. त्यांना वगळलं असतं तर जाणारे आणि राहणारे मुळातच वेगळे असण्याचा दोष मागच्या दाराने परत शिरला असता. म्हणून त्यांनाही हिशेबात धरलं.

वर्षभरात उत्पन्न २६३ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. लॉटरी बाजूला ठेवून नेहमीच्या पद्धतींनी हाच आकडा काढला तर बहुतेक पद्धतींत तो २० ते ८२ टक्क्यांनी फुगून येतो. इतर देशांच्या अहवालांत स्थलांतराच्या फायद्याचे जे आकडे आपण वाचतो, ते वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

पैशाखेरीजही बरंच मोजलं गेलं. गेलेल्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, विशेषतः बायकांचं. रक्तदाब मात्र वाढला. शरीर आणि मन एकाच दिशेने गेलं नाही, आणि मला या सगळ्या अभ्यासातलं हेच सर्वांत खरं वाटणारं वाक्य वाटतं.

मागे राहिलेल्यांचं काय? व्हिसावर नवरा किंवा बायको आणि अल्पवयीन मुलं तेवढी नेता येत, आईबाप आणि भावंडं नाहीत. त्या घरांतून कमावते हात गेले. तिकडून पैसे येत राहिले, पण सुरुवातीच्या पाहणीत ते गेलेल्या हातांची भरपाई करण्याइतके नव्हते. घरचं उत्पन्न आणि चीजवस्तू घटलेली दिसली. दहाएक वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा गेलेल्यांची कमाई राहिलेल्यांच्या कितीतरी पुढे होती, पण टोंगातल्या मोठ्या कुटुंबाच्या परिस्थितीत त्याने फारसा फरक पडलेला नव्हता.

या आकड्यांची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. लॉटरी सांगते ती अर्ज भरणाऱ्यांबद्दल. १८४५नंतर बटाट्याच्या रोगाने आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा सुमारे दहा लाख माणसं दगावली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. त्यांच्यात न गेलेला, पण इतर सगळ्या बाबतींत तसाच असलेला जोडीदार शोधायचा, तर त्यातला बराच भाग मृतांच्या यादीत सापडतो.