जीन्स : नाशिकच्या ऋतूंतील वापर आणि निगा

जीन्स म्हणजे डेनिम कापडाची, दुहेरी शिवणीची आणि ताण येणाऱ्या जागी रिव्हेट (धातूच्या छोट्या खिळ्या) ठोकलेली पँट. डेनिम हे तिरप्या विणीचे जाड सुती कापड असते. त्यातला उभा धागा, म्हणजे ताणा, निळीत रंगवलेला असतो आणि आडवा बाणा पांढराच ठेवलेला असतो. ताणा तीन बाण्यांवरून जाऊन एकाखाली शिरतो, म्हणून कापड बाहेरून निळे आणि आतून पांढरट दिसते. ‘डेनिम’ हा शब्द फ्रान्समधल्या नीम शहरावरून आणि ‘जीन’ हा इटलीतल्या जिनोआवरून आला असे मानतात. डंगरी हे नाव तर थेट मुंबईच्या डोंगरीवरून पडले. तिथे विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड गोऱ्या दर्यावर्द्यांनी उचलले होते. पँटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचे अमेरिकी पेटंट २० मे १८७३ रोजी शिंपी जेकब डेव्हिस आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना मिळाले.

नाशिकमध्ये कॉलेजपासून सातपूर-अंबडच्या कारखान्यांपर्यंत जीन्स बारमाही घातली जाते. तिच्या निगेचे बहुतेक प्रचलित नियम मात्र थंड, कोरड्या देशांत तयार झालेले आहेत. ‘जीन्स धुवायचीच नाही’ हा त्यांतला सर्वांत लाडका. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने एकच जीन्स १५ महिने न धुता घातली, तेव्हा तिच्यावरचे जिवाणू धुतल्यावर १३ दिवस घातलेल्या त्याच जीन्सइतकेच निघाले. प्रयोग खरा, पण तो कॅनडातल्या एडमंटन शहराच्या हवेतला. इथे एप्रिलचा घाम आणि जुलैची ओल हा हिशेब पार उलटवून टाकतात.

निळीचा स्वभाव

जीन्सची निगा कळायची तर आधी नीळ कळली पाहिजे. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगवताना रसायन घालून तिचे रूप तात्पुरते बदलतात (याला क्षपण म्हणतात) आणि ती विरघळवतात. तेव्हा द्रावण पिवळट हिरवे दिसते. सूत त्यात बुडवून हवेत काढले की डोळ्यांदेखत निळे होते. असे अनेकदा बुडवले, तरी रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच राहतो आणि गाभा पांढरा उरतो. त्यामुळे जिथे घासले जाते तिथे रंगाचा थर झिजून आतला पांढरा गाभा वर येतो. मांडीवरच्या रेषा, गुडघ्यामागची जाळी, खिशावर उमटलेला मोबाइलचा चौकोन हे सगळे त्यातूनच होते.

नवी जीन्स मिठाच्या, तुरटीच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो, ही समजूत घरोघरी आहे. निळीच्या बाबतीत ती चुकीची आहे. नीळ धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेली नसून अडकून बसलेली असते. मीठ तिला धरून ठेवत नाही. व्हिनेगरचा उपयोग एवढाच की कापडात राहिलेला साबणाचा खार तो मारतो. सुटा रंग पहिल्या तीन-चार धुण्यांत निघून जातो आणि तो निघणेच बरे. तोवर फिकट रंगाचे सीट कव्हर, पांढरे बूट आणि क्रीम रंगाचा सोफा यांच्यापासून जीन्स लांब ठेवावी, विशेषतः घाम आलेला असताना. पांढरे कपडे उजळवायला वापरतात ती धुण्याची नीळ जीन्सला लावू नये. तिचे डाग पडतात आणि उडालेला रंग परत येत नाही.

वजन आणि लायक्रा

डेनिमचे वजन दर चौरस यार्डाला किती औंस, असे मोजतात. १ औंस म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३४ ग्रॅम. ८ ते १० औंसांचे कापड हलके, १२ चे मध्यम आणि १४ च्या पुढचे जड. दुकानात वजन सहसा लिहिलेले नसते. मोहरीचा, म्हणजे पायाच्या खालच्या कडेचा, दुमड चिमटीत धरून पाहावा; हलके कापड लगेच मुडपते, जड कापड अंगठ्याला विरोध करते. नाशिकमध्ये एकच जीन्स वर्षभर चालवायची असेल तर १० ते ११ औंसांची बरी.

ताणली जाणारी, म्हणजे स्ट्रेच जीन्स घेताना आतले लेबल वाचावे. १ ते २ टक्के लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा कृत्रिम तंतू, बसायला-उठायला पुरेसा असतो. त्याहून जास्त असला, की गुडघे लवकर बाहेर येतात. लायक्राला उष्णता आणि क्लोरीन दोन्ही सोसत नाहीत; उकळते पाणी, कडक इस्त्री किंवा ब्लीच लागले की आतले तंतू तुटतात आणि कापडाला लाटा पडतात. हे नंतर कोणी दुरुस्त करू शकत नाही.

कारखान्यात आटवलेले, म्हणजे सॅनफोराइज्ड, कापड धुतल्यावर साधारण १ ते ३ टक्के आटते. न आटवलेले १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे ३२ इंच उंचीत तीन इंच. म्हणून उंची कमी करायला देण्याआधी जीन्स दोनदा धुवावी. घाईने दुकानातच कापून घेतलेली पँट आषाढात घोट्याच्या वर गेलेली दिसते, ती यामुळेच.

पावसाळा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि सह्याद्रीच्या सावलीत येते. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो. शहरात मुसळधार कमी, पण झिमझिम, ढगाळ हवा आणि दिवसचे दिवस न दिसणारे ऊन जास्त. जीन्सचा खरा शत्रू हाच. भिजण्यापेक्षा न वाळण्याने ती जास्त खराब होते.

सुकी जीन्स ६०० ते ८०० ग्रॅम भरते. चिंब भिजली की वजन दुपटीच्या घरात जाते. ओल धरून राहते ती कंबरपट्टी, बेल्टचे लूप, पाठीमागची योकची (कंबरपट्टीखालच्या तिरप्या तुकड्याची) शिवण आणि खिशांच्या तळाशी, कारण तिथे कापडाचे चार-सहा थर एकत्र आलेले असतात. मांडी हाताला कोरडी लागते म्हणून पँट चढवली जाते आणि दुपारपर्यंत आंबूस वास सुरू होतो. हा वास ओलीत वाढणाऱ्या जिवाणूंचा. त्यावर परफ्यूम मारून काही होत नाही. पुन्हा धुऊन, या वेळी नीट वाळवावे लागते.

वाळवण्याची रीत अशी. जीन्स उलटी करावी, पुढचे खिसे बाहेर ओढावेत. जुना टॉवेल पसरून त्यावर जीन्स ठेवून दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करावी आणि गुंडाळीवर गुडघ्याने दाब द्यावा. मशीनने न काढलेले बरेच पाणी टॉवेल ओढून घेतो. मग कंबरेला दोन बाजूंनी चिमटे लावून टांगावी, पण कंबरेचे तोंड चिकटू न देता उघडे, नळीसारखे ठेवावे, म्हणजे हवा आतून खेळते. दोरीवर मधोमध घडी घालून टाकलेल्या जीन्सची घडीची जागा शेवटपर्यंत ओली राहते. पंखा समोरून लावावा. सहा-सात तासांनी कंबरपट्टी आणि योक हाताच्या उलट्या बाजूला लावून पाहावे; गार लागले तर अजून ओल आहे. अशा वेळी आतल्या बाजूने मध्यम इस्त्री फिरवावी आणि तासभर पुन्हा टांगावी. गॅलरीतल्या लोखंडी तारेवर ओली जीन्स टाकू नये. गंजाची रेघ उमटते.

काळ्या मातीचा चिखल ओला असताना चोळू नये. चिकणमातीचे बारीक कण विणीत घुसतात आणि मोहरी कायमची करडी पडते. चिखल वाळू द्यावा, झटकून ब्रशने काढावा, मगच पाणी लावावे. मोहरी अर्धा इंच वर दुमडून दुचाकी चालवणे हा साधा उपाय पुष्कळ डाग वाचवतो.

बुरशीचे काळे ठिपके पडले तर आधी घराबाहेर कोरडा ब्रश मारावा, मग धुवावे. खोल गेलेले ठिपके जातीलच असे नाही. ब्लीचने ते जातील, पण सोबत निळाही जाईल.

जांघेतला नायटा, म्हणजे गजकर्ण, या दिवसांत बळावतो आणि घट्ट, दमट जीन्स त्याला पोषक ठरते. अशा वेळी जीन्सची हौस बाजूला ठेवून सैल सुती कपडे घालावेत. घातलेली जीन्स घरच्यांच्या कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात धुवावी. लायक्रा खराब झाला तरी चालेल. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबते आणि नायटा पसरतो, त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे.

अंजनेरी, ब्रह्मगिरी किंवा हरिहर या गडांवर पावसात जीन्स घालून जाणे ही निव्वळ चूक. हरिहरच्या खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांवर गुडघा उंच उचलावा लागतो आणि भिजलेले डेनिम नेमके गुडघ्यालाच धरते. मांड्या सोलवटतात त्या वेगळ्याच.

उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. या दिवसांत ८ ते १० औंसांची, सैल मांडीची आणि पॉलिस्टर कमीत कमी असलेली जीन्स घ्यावी. दोन-तीनदा घातली की धुवावी; घामातले क्षार धाग्यात सुकून टोचरे होतात आणि आसनाजवळचे, म्हणजे दोन पायांच्या जोडाजवळचे, कापड कुरतडतात. रिव्हेटभोवती हिरवट कड दिसली तर ती तांब्यावर घामाने चढलेली असते. लिंबाच्या फोडीने पुसून लगेच पाण्याने धुवावी. उन्हात जीन्स दोन-तीन तासांत वाळते, म्हणून दिवसभर दोरीवर सोडू नये. उलटी करून सावलीतच टाकावी, नाहीतर वरची घडी फिकी पडून आडवा पट्टा दिसू लागतो.

मिसळीची तर्री सांडणे हा इथला बारमाही अपघात. आधी कागदाने तेल टिपावे, घासू नये. त्यावर बेसन किंवा टाल्कम पावडर पंधरा मिनिटे ठेवून झटकावी. मग उलट्या बाजूने भांडी घासायचे लिक्विड दोन-तीन थेंब लावून हलके चोळावे. कपड्याचा साबण लावताच डाग लालभडक झाला तर घाबरू नये: हळदीतला रंग खारात लाल होतो आणि साबण निघून गेला की पुन्हा पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा ऊन खाते. तेवढीच जागा तास-दीड तास उन्हाकडे करावी.

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उडी मारायची असेल तर टाकाऊ जीन्सच घालावी, खिसे रिकामे करावेत. रंग पांढऱ्या बाण्यात बसतो आणि आतून निघत नाही. भिजलेल्या जीन्सच्या वजनासह रहाडीतून वर यायचे असते हेही ध्यानात ठेवावे. हाफ पँट शहाणपणाची.

ऑक्टोबरच्या उकाड्याला उन्हाळ्याचेच नियम लागू.

हिवाळा

जीन्ससाठी हा सर्वांत सोयीचा काळ. निफाडकडे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, शहरातही पहाटे चांगलाच गारठा असतो. १२ ते १४ औंसांची जीन्स आता काढावी. नवी, न धुतलेली कडक डेनिम अंगाला बसवायची असेल तर डिसेंबरमध्येच सुरुवात करावी. घाम कमी असल्याने दहा-पंधरा वेळा घालून मग धुतली तरी वास येत नाही आणि घड्यांच्या रेषा ठळक उमटतात. डेनिम वारा मात्र अडवत नाही. पहाटे दुचाकीवर अंबडच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्याने आत थर्मल घालावे आणि त्यासाठी जीन्स कंबरेला एक इंच सैल घ्यावी. धुतलेली जीन्स रात्री बाहेर ठेवू नये, दवाने सकाळी पुन्हा ओली मिळते.

धुणे

चेन आणि बटण लावून, उलटी करून, गार पाण्यात. १५ लिटरच्या बादलीला एका जीन्ससाठी एक मोठा चमचा लिक्विड पुरे. पावडर वापरायची तर ती आधी वेगळी विरघळवावी, नाहीतर न विरलेल्या दाण्यांच्या पांढऱ्या रेघा उमटतात. अर्ध्या तासाहून जास्त भिजवू नये. ‘शुभ्रतेची’ जाहिरात करणारे डिटर्जंट टाळावे. त्यातले चमक देणारे द्रव्य निळ्याला धुरकट करते. बोअरच्या जड पाण्यात वडीच्या साबणाचा पांढरट थर बसतो आणि जीन्स करडी, खरखरीत होते. तिथे लिक्विडच वापरावे आणि शेवटच्या खळबळीत चार चमचे पांढरे व्हिनेगर घालावे.

मशीन कोंबून भरू नये. ७ किलोच्या मशीनमध्ये चार जीन्स, सोबत दुसरे काही नाही. दाटीत कापड एकाच जागी मुडपून घासले जाते आणि संगमरवरासारख्या पांढऱ्या शिरा पडतात. त्या जात नाहीत. दगडावर आपटून ब्रशने रगडण्याची रीत मोहरीपुरती ठेवावी. मांडीवर ब्रश मारला की त्याच्या दातांच्या रेघा दिसतात.

फाटणे आणि दुरुस्ती

जीन्स गुडघ्यावर फाटते असे वाटते, पण बहुतेक जीन्स मरतात त्या आसनात, चार शिवणी जिथे मिळतात तिथे. दुचाकीच्या सीटवर सतत घासणे, घाम आणि फार खाली ओढून घालण्याची सवय ही कारणे. दर दोन महिन्यांनी जीन्स उजेडासमोर धरून आसन पाहावे. निळा ताणा झिजून आडवे पांढरे धागे दिसू लागले, की भोक पडायची वाट न पाहता अल्टरवाल्याकडे न्यावी. आतून ठिगळ ठेवून वरून मशीनने दाट, पुढे-मागे टाके घालून घेणे हीच टिकाऊ दुरुस्ती. ठिगळ झिजलेल्या जागेपेक्षा चारही बाजूंनी एक इंच मोठे हवे, नाहीतर त्याच्या कडेने नवे फाटते. शिवताना १६ किंवा १८ नंबरची सुई लागते. बारीक सुई शिवणीच्या गाठीवर मोडते, म्हणून अनुभवी कारागीर ती गाठ आधी हातोडीने चेपतो. उंची कमी करताना कापलेला मोहरीचा तुकडा फेकून देऊ नये. आसनासाठी त्याच वजनाचे, त्याच विणीचे ठिगळ त्यातून निघते.