‘हेल्मेटसक्ती’ या शब्दामागचा कायदा

महाराष्ट्रात हेल्मेटची चर्चा सुरू झाली की ‘सक्ती’ हा शब्द हमखास येतो. सक्ती लागू झाली, शिथिल झाली, पुन्हा लागू होणार, अशा बातम्या इतकी वर्षे येत राहिल्या की सरकार दर वेळी नवा नियम करते, असाच समज रुजला. वास्तविक १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला, तेव्हापासून त्याच्या कलम १२९ मध्ये दुचाकीस्वाराने सार्वजनिक ठिकाणी हेल्मेट घातलेच पाहिजे, असे नमूद आहे. पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. म्हणजे दर काही वर्षांनी ‘लागू’ होते ती केवळ दंडवसुलीची मोहीम आणि ‘मागे’ घेतली जाते तीही मोहीमच.

हा घोटाळा निव्वळ शब्दाचा नव्हता. मूळ कलमानेच राज्यांना नियम करून अपवाद ठरवण्याची मुभा दिली होती. त्यामुळे शहराच्या हद्दीत हेल्मेट नको, फक्त महामार्गावर असावे, ही मागणी राज्य सरकारकडे करणे कायद्याला धरूनच होते. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कडक कारवाई सुरू केली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधकांची दुचाकी रॅली निघाली. शहरात वेग कमी असतो, उकाडा होतो, मान दुखते, बाजूचे नीट दिसत नाही, आधी रस्ते दुरुस्त करा, हे त्यांचे आक्षेप. यांतला रस्त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण खराब रस्ता हे हेल्मेट न घालण्याचे कारण कसे ठरते, याचे समाधानकारक उत्तर त्या वादात कधी मिळाले नाही. त्याआधी २०१६ मध्ये ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही राज्याची घोषणाही पंपचालकांच्या विरोधापुढे टिकली नव्हती.

केंद्राने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि राज्यांची ती मुभा संपली. चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसलेल्यालाही, हेल्मेट आवश्यक असल्याचे आता कलमाच्या शब्दांतच स्पष्ट आहे. पट्टा नीट बांधलेला असणे हा तर हेल्मेटच्या व्याख्येचा भाग मूळ कलमापासूनच होता. दंड एक हजार रुपये आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद आली. महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच स्वीकारले नाहीत. सुधारित दर राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. मुंबईत मागे बसणाऱ्यांवरील कारवाई जून २०२२ मध्ये सुरू झाली.

उकाडा आणि वजन यांबद्दलच्या तक्रारींची दखल मात्र घेतली गेली. आपल्या हवामानाला मानवतील अशा हलक्या हेल्मेटांची शिफारस २०१८ मध्ये तज्ज्ञांनी केली आणि मानकात तसा बदल झाला. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे वा विकणे बेकायदा ठरले. फूटपाथवर आजही टोपीसारखी हेल्मेटे मिळतात, त्याअर्थी हा आदेश कागदावरून पुरता खाली उतरलेला नाही.

या सगळ्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. उत्पादनासाठी सरकारी परवाना लागे त्या दिवसांत स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी सहकार्याला परवानगी मिळाली आणि शंभर सीसीच्या मोटारसायकली घरोघर पोहोचल्या. सरकारचे पाठबळ होते ते उत्पादनाला. स्वाराच्या सुरक्षिततेचा विचार फार उशिरा आला. नव्या दुचाकीसोबत हेल्मेट देण्याचे बंधन केंद्रीय नियमांत होते, तरी विक्रीच्या वेळी त्याचा आग्रह धरणारे ग्राहक थोडेच. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा) बंधनकारक झाले ते एप्रिल २०१९ मध्ये. चार वर्षांखालील मुलांसाठी सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाले.

केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातांत दगावले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात प्रत्येक नव्या दुचाकीसोबत एकाऐवजी दोन हेल्मेट देण्याचा प्रस्ताव आला, त्यातले दुसरे या मागे बसणाऱ्यांसाठी.